कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजात संगणक, नेटवर्किंग आणि डिजिटल डिझाइन: नव्याने आलेल्यांसाठी मार्गदर्शक

‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव पहिल्यांदा कानावर पडले की पुण्या-मुंबईहून आलेल्या माणसाच्या मनात दोनपैकी एक चित्र उभे राहते: समाजमंदिरात भरणारा एखादा हौशी वर्ग, नाही तर ज्यांना कुठेच प्रवेश मिळाला नाही त्यांच्यासाठी उरलेले कॉलेज. दोन्ही चित्रे चुकीची आहेत. कॅलिफोर्नियात अशी ११६ सार्वजनिक कॉलेजे असून ती मिळून अमेरिकेतील सर्वांत मोठी उच्चशिक्षण व्यवस्था ठरते. आपल्याकडील आयटीआय, तंत्रनिकेतन आणि पदवीची पहिली दोन वर्षे एकाच छताखाली आणली, प्रवेशपरीक्षा काढून टाकली आणि वयाची वरची अट उठवली, तर जे तयार होईल ते साधारण या कॉलेजांसारखे असेल. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक बर्कलीला जाण्यापूर्वी कूपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात शिकत होते, एवढे सांगितले की घरातील वडीलधाऱ्यांच्या शंका सहसा मिटतात.

सांता क्लारा, सनीव्हेल, फ्रीमाँट या पट्ट्यात जोडीदाराच्या नोकरीमुळे येऊन स्थिरावलेली अनेक मराठी माणसे असतात. त्यांपैकी कोणाकडे भारतातील बीई किंवा बीएस्सी असते, कोणाकडे कॉमर्सची पदवी आणि मधल्या काही वर्षांचा खंड. हे लेखन मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. पायऱ्यांचा क्रम येथे मुद्दाम तसा लावला आहे, कारण बहुतेक जण आधी विषय निवडतात, मग वेळापत्रक पाहतात, आणि फीचा आकडा समोर आला की रहिवासाच्या नियमांकडे वळतात. नेमका हाच क्रम उलटा करायचा आहे.

पहिली पायरी: व्हिसा आणि रहिवास

आपल्या व्हिसावर शिकता येते का, हा पहिला प्रश्न. एच-४ आणि एल-२ व्हिसावरील, म्हणजे एच-१बी किंवा एल-१ या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या कुटुंबातील व्यक्तीला अर्धवेळ किंवा पूर्णवेळ शिकण्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. एफ-२ व्हिसावर, म्हणजे विद्यार्थ्याचा जोडीदार म्हणून आलेल्या व्यक्तीला, फक्त अर्धवेळ शिकता येते. बी-२ या पर्यटक व्हिसावर आलेल्या आईवडिलांनी किंवा भावंडांनी ‘सहा महिने आहोत तर एखादा कोर्स करून टाकू’ असा विचार करू नये. त्या व्हिसावर अभ्यासक्रमाला प्रवेश घेणे नियमाविरुद्ध आहे.

दुसरा प्रश्न रहिवासाचा, आणि सगळा पैशाचा फरक येथे पडतो. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला सेमिस्टर पद्धतीच्या (वर्षात दोन मुख्य सत्रे असणाऱ्या) कॉलेजात एका युनिटमागे, म्हणजे विषयाचा भार मोजण्याच्या एककामागे, ४६ डॉलर पडतात, आणि हा दर २०१२ पासून बदललेला नाही. डी अँझा आणि फुटहिल ही कॉलेजे क्वार्टर पद्धतीने, म्हणजे वर्षात तीन मुख्य सत्रांनी, चालतात. तेथे क्वार्टर युनिटला ३१ डॉलर पडतात. जो रहिवासी ठरत नाही त्याला याशिवाय वेगळे शुल्क भरावे लागते, आणि ते बहुतेक ठिकाणी एका युनिटमागे ३०० ते ४०० डॉलरांच्या घरात जाते. तीन युनिटांचा एक विषय रहिवाशाला १३८ डॉलरांत पडतो, तर तोच विषय, त्याच वर्गात, शेजारच्या बाकावर बसलेल्या अनिवासी विद्यार्थ्याला हजार डॉलरांच्या वर जातो.

रहिवासी ठरण्यासाठी सत्र सुरू होण्याच्या आदल्या दिवशी आपले राज्यातील वास्तव्य किमान एक वर्षाचे असावे लागते आणि येथेच राहण्याचा इरादा कागदांवरून दिसावा लागतो. एच-१बी, त्यावरील एच-४, तसेच एल-१ आणि एल-२ या व्हिसांवर असा रहिवास सिद्ध करता येतो. एफ, जे आणि बी या गटांतील व्हिसांवर येत नाही. म्हणून विमानातून उतरल्याच्या पहिल्या महिन्यातच काही कामे करून ठेवावीत: घराच्या भाडेकरारावर आपलेही नाव घालावे, बँकेत स्वतःच्या किंवा संयुक्त नावाने खाते उघडावे, कॅलिफोर्नियाचा वाहनपरवाना किंवा ओळखपत्र काढावे आणि राज्याच्या करविवरणपत्रात आपला समावेश झाल्याची प्रत जपून ठेवावी. प्रौढ व्यक्तीचा रहिवास ज्याचा त्याचा स्वतंत्र मोजला जातो. ‘माझे यजमान येथे पाच वर्षे आहेत’ हे उत्तर प्रवेश कार्यालयात उपयोगी पडत नाही, हे मी स्वतः त्या खिडकीसमोर उभी राहून शिकले आहे.

वर्ष पूर्ण होईपर्यंत हात बांधून बसण्याचे मात्र कारण नाही. अनेक कॉलेजे इंग्रजी संभाषण, टंकलेखन, प्राथमिक संगणकवापर असे ‘नॉन-क्रेडिट’, म्हणजे युनिटे न मिळणारे, वर्ग घेतात आणि त्यांना शिकवणी शुल्क नसते. नेटवर्कची उपकरणे बनवणाऱ्या सिस्को कंपनीचे पॅकेट ट्रेसर हे नेटवर्कचा सराव करण्याचे सॉफ्टवेअरही विनामूल्य आहे. पहिले वर्ष त्यात गेले तर पुढचा अभ्यास सोपा जातो.

येथे एक गोंधळ दूर केलेला बरा. कागदपत्रांत वारंवार येणारा ‘डिस्ट्रिक्ट’ हा शब्द आपल्या जिल्ह्यासारखा नाही. तो फक्त कम्युनिटी कॉलेजांचा कारभार पाहणारा विभाग असतो, त्याचे विश्वस्त मंडळ मतदानाने निवडले जाते आणि राज्यात असे ७३ विभाग आहेत. राज्याचा रहिवासी कोणत्याही डिस्ट्रिक्टच्या कॉलेजात रहिवाशाच्याच दराने शिकू शकतो; घराजवळचेच कॉलेज निवडण्याची सक्ती नाही.

दुसरी पायरी: कशासाठी शिकायचे ते ठरवणे

येथे तीन वाटा फुटतात. पहिली प्रमाणपत्राची: एका कौशल्याभोवती जुळवलेले, साधारण १६ किंवा त्याहून अधिक युनिटांचे विषय, ज्यात इतिहास, भाषा वगैरे सर्वसाधारण विषय नसतात. दुसरी सहयोगी पदवीची (असोसिएट डिग्री), म्हणजे सेमिस्टरच्या हिशेबाने ६० युनिटे, त्यात मुख्य विषय आणि सर्वसाधारण शिक्षण दोन्ही. तिसरी वाट दोन वर्षे येथे काढून चार वर्षांच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाण्याची, जिला सगळे ‘ट्रान्सफर’ म्हणतात.

ज्यांच्याकडे भारतातील पदवी आधीच आहे त्यांनी, माझ्या मते, सहयोगी पदवीच्या मागे लागू नये. आणखी एक पदवी भिंतीवर टांगण्याचा मोह आपल्या समाजात मोठा आहे, हे मान्य. पण पदवीधराने पुन्हा ६० युनिटे करण्यात दोन-तीन वर्षे जातात, तर १८ ते २४ युनिटांच्या प्रमाणपत्रात तेच तांत्रिक विषय येतात. उलट ज्यांची पदवी अर्धवट राहिली आहे किंवा ज्यांची मुले येथील हायस्कूलमधून बाहेर पडत आहेत, त्यांच्यासाठी ट्रान्सफरची वाट फार मोलाची आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाची डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ ही सहा संकुले ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्या कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्याला प्रवेशाची लेखी हमी देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्या हमीत नाहीत, मात्र तेथेही दरवर्षी या कॉलेजांतून विद्यार्थी जातात. कोणता विषय कोणत्या विद्यापीठात कशाच्या बदली धरला जातो, हे ‘असिस्ट’ या राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहता येते. मैत्रिणीच्या मुलाने कोणते विषय घेतले होते यावर विसंबू नये, कारण ती यादी विद्यापीठानुसार आणि वर्षानुसार बदलते.

तिसरी पायरी: अर्ज आणि कौन्सेलर

अर्ज ‘सीसीसी अप्लाय’ या राज्यभराच्या एकाच प्रणालीतून ऑनलाइन भरायचा असतो आणि तो विनाशुल्क आहे. नाव पासपोर्टवर आहे अगदी तसेच लिहावे. मधले नाव म्हणून वडिलांचे की पतीचे, लग्नापूर्वीचे आडनाव की नंतरचे, हा आपल्याकडील घोळ येथे पुढे फार त्रास देतो, कारण भारतातील गुणपत्रिका एका नावाने, पासपोर्ट दुसऱ्या नावाने आणि कॉलेजची नोंद तिसऱ्या नावाने असेल तर ती एकाच व्यक्तीची आहेत हे सिद्ध करण्याचा भार आपल्यावर येतो. अर्जात पूर्वीची नावे लिहिण्याची जागा असते. ती रिकामी सोडू नये. एच-४ वर असलेल्या अनेकांकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नसतो, पण त्यावाचून अर्ज अडत नाही.

गेल्या काही वर्षांत या प्रणालीत आर्थिक मदत लाटण्यासाठी खोट्या नावांचे असंख्य अर्ज आल्यामुळे कॉलेजे आता ओळख पडताळून पाहतात. अर्ज केल्यावर काही दिवसांत आलेला ईमेल स्पॅममध्ये पडला आणि ओळख सिद्ध करायची राहून गेली, तर नावनोंदणीच्या दिवशी खाते अडकलेले सापडते. तोवर वर्ग भरलेला असतो.

इंग्रजी आणि गणितासाठी पूर्वी पात्रता चाचणी द्यावी लागे. २०१७ च्या एबी ७०५ या कायद्यानंतर ती पद्धत मोडीत निघाली. आता शाळेतील गुण आणि विद्यार्थ्याने दिलेली माहिती यांवरून पातळी ठरते. परदेशात शिकलेल्यांनी भारतातील गुणपत्रिकांचे मूल्यमापन मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावे. वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस ही त्यांपैकी एक. कोणत्या संस्थेचा अहवाल चालतो ते आधी कॉलेजला विचारावे आणि केवळ पदवीचा नव्हे, तर विषयवार अहवाल मागवावा. तो थोडा महाग पडतो, पण बीएस्सीला केलेले गणित किंवा सी भाषेचा विषय पूर्वअट म्हणून मान्य करून घ्यायला तोच लागतो. विद्यापीठाकडून सीलबंद लिफाफा मागवायला वेळ लागतो, तेव्हा भारतात सुट्टीवर जाल त्याच वेळी हे काम उरकणे शहाणपणाचे.

यानंतर कौन्सेलरची वेळ घ्यावी. आपल्याकडे असे पद नसल्यामुळे नवा माणूस तेथे जायला बिचकतो किंवा ‘मला ठाऊक आहे मला काय हवे ते’ म्हणून टाळतो. कौन्सेलर आपल्याबरोबर बसून सत्रवार आराखडा करून देतो, आणि ओळखवर्ग व आराखडा पूर्ण केलेल्या नव्या विद्यार्थ्याला नावनोंदणीची तारीख बहुधा आधीची मिळते. भेटीला जाताना तीन गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात: आठवड्याला खरोखर किती तास मोकळे आहेत, शिकून झाल्यावर नोकरी करण्याची परवानगी आहे का, आणि आधी काय शिकलो आहोत. नुसते ‘आयटी करायचे आहे’ असे म्हणणाऱ्याला नुसतेच उत्तर मिळते.

चौथी पायरी: नावनोंदणी आणि पहिला आठवडा

सेमिस्टर कॉलेजांत वर्षाचे मुख्य सत्र ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू होऊन डिसेंबरच्या मध्यावर संपते, दुसरे जानेवारी ते मे, आणि मध्ये उन्हाळ्याचे लहान सत्र असते. एका युनिटचा अर्थ आठवड्याला सुमारे तीन तासांचे काम, त्यात एक तास वर्गातला आणि दोन घरचे. तीन युनिटांचे दोन विषय म्हणजे आठवड्याला १८ तास झाले. लहान मूल घरात असताना पहिल्या सत्रात याहून जास्त घेऊ नये. बारा युनिटे घेतली की पूर्णवेळ विद्यार्थी ठरतो, पण एच-४ वर असे पूर्णवेळ असण्याची काही सक्ती नाही.

उन्हाळ्याचे सत्र मोहक दिसते, कारण तोच विषय सहा ते आठ आठवड्यांत संपतो. तो संपतो तो आठवड्याचे तास दुप्पट-तिप्पट करून. नेटवर्किंगचा पहिला विषय उन्हाळ्यात घेऊ नये, एवढेच सांगते.

वर्ग भरलेला असला तर प्रतीक्षायादीत नाव घालून पहिल्या दिवशी वर्गात हजर राहावे. जे नोंदणी करून येत नाहीत त्यांची नावे शिक्षक काढतात आणि रिकाम्या जागा प्रतीक्षायादीतील हजर विद्यार्थ्यांना देतात. ऑनलाइन वर्गात ‘हजर’ याचा अर्थ कॅनव्हास या प्रणालीत शिरून पहिल्या आठवड्याचे, बहुधा ओळख करून देण्याचे, छोटे काम वेळेत पूर्ण करणे. केवळ लॉगिन केले की हजेरी लागली असे समजून गाफील राहणाऱ्यांची नावे उडतात.

विषय झेपत नसेल तर सोडण्याच्याही तारखा असतात. पहिल्या साधारण दोन आठवड्यांत सोडला तर पैसे परत मिळतात आणि गुणपत्रिकेवर खूण राहत नाही. त्यानंतर सत्राच्या सुमारे तीन चतुर्थांश काळापर्यंत सोडला तर ‘डब्ल्यू’ लागतो. त्यापुढे मिळेल ती श्रेणी घ्यावी लागते. वर्गात जाणे थांबवले म्हणजे विषय आपोआप सुटला, असे नसते. एक विषय सहसा तीनदाच घेता येतो आणि ‘डब्ल्यू’ही त्यात मोजला जातो.

पुस्तकांचा खर्च काही वेळा फीपेक्षा अधिक होतो. वेळापत्रकात काही वर्गांपुढे पुस्तकाचा खर्च शून्य असल्याची खूण असते. दोन वर्ग सारखेच असतील तर तोच घ्यावा. लॅपटॉप बहुतेक ग्रंथालयांतून सत्रभरासाठी उसना मिळतो. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना केंद्राची आणि राज्याची आर्थिक मदत मागता येते. एच-४ वरील विद्यार्थ्याला केंद्राची मदत मिळत नाही.

नेटवर्किंगच्या विषयांचा क्रम

अभियंत्याला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट ही की सुरुवात स्क्रू-ड्रायव्हरपासून करावी लागते. हार्डवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा पहिला विषय कॉम्पटिया या उद्योगसंस्थेच्या ‘ए प्लस’ परीक्षेभोवती रचलेला असतो: संगणक उघडणे, रॅम बदलणे, विंडोज नव्याने बसवणे, छपाईयंत्र का अडले ते शोधणे. बीई झालेल्या माणसाला हे अपमानास्पद वाटते. तरीही ज्यांना या देशातील कामाचा अनुभव नाही त्यांना पहिली नोकरी बहुतेक वेळा हेल्प डेस्कवर मिळते आणि तेथे नेमके हेच विचारतात, म्हणून हा विषय टाळू नये असे माझे मत आहे. तेथील इंग्रजीही याच विषयात कानावर पडते. चिडलेल्या ग्राहकाशी शांतपणे कसे बोलावे हे त्या परीक्षेच्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे.

त्यानंतर सिस्को नेटवर्किंग ॲकॅडमीचे तीन विषय येतात. ही ॲकॅडमी १९९७ मध्ये सुरू झाली आणि अनेक कम्युनिटी कॉलेजे तिचाच अभ्यासक्रम शिकवतात. पहिल्या विषयात नेटवर्कची मूलतत्त्वे, दुसऱ्यात स्विचिंग, राउटिंग व वायरलेस, आणि तिसऱ्यात मोठ्या संस्थांची जाळी, सुरक्षा व स्वयंचलन असते. तिन्ही मिळून सिस्कोच्या सीसीएनए या परीक्षेची तयारी होते. ते याच क्रमाने आणि शक्यतो सलग सत्रांत घ्यावेत. मध्ये वर्षभराचा खंड पडला की पहिल्या विषयातील निम्मे विसरलेले असते.

पहिल्या विषयात माणसे अडखळतात ती सबनेटिंगपाशी, म्हणजे एका जाळ्याचे लहान भाग पाडण्यापाशी. त्याचे भय मुळात अनावश्यक आहे. जाळ्यातील यंत्राचा (आयपीव्ही४) पत्ता ३२ बिटांचा असतो. समजा, १९२.१६८.१०.०/२४ (म्हणजे पहिले २४ बिट जाळ्याचे) हे जाळे आपल्याला चार भागांत वाटायचे आहे. शेवटच्या आठ बिटांपैकी दोन आपण जाळ्यासाठी उसने घेतले की दोनाचा वर्ग चार, म्हणून चार भाग झाले आणि मास्क, म्हणजे जाळ्याचे बिट किती ते सांगणारा आकडा, /२६ झाला. उरलेल्या सहा बिटांतून प्रत्येक भागाला ६४ पत्ते मिळतात. त्यांतील पहिला जाळ्याचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा (सगळ्यांना एकदम संदेश पाठवण्याचा), म्हणून यंत्रांना ६२ उरतात. भागांची सुरुवात ०, ६४, १२८ आणि १९२ येथे होते. एवढेच गणित वेगवेगळ्या आकड्यांनी फिरत राहते. आपल्या आजोबांच्या पिढीने पावकी-निमकी तोंडपाठ केली होती. आपण दोनाचे घात २५६ पर्यंत पाठ करावेत आणि रोज सकाळी चहाबरोबर पाच उदाहरणे कागदावर सोडवावीत. सबनेट काढून देणारे संकेतस्थळ महिनाभर उघडू नये.

दुसरा सल्ला हातांचा. पॅकेट ट्रेसरमध्ये केबल कधी सैल होत नाही, पोर्टमध्ये धूळ जात नाही आणि कोणी राउटरचा पासवर्ड बदलून घरी गेलेले नसते. प्रयोगशाळेत हे सगळे घडते. म्हणून ऑनलाइन आणि प्रत्यक्ष असे दोन्ही वर्ग उपलब्ध असतील तर नेटवर्किंगपुरता तरी प्रत्यक्ष वर्ग घ्यावा. केबलच्या टोकाला प्लग बसवण्याचा सराव तेथे करून घेतात. टी५६८बी या प्रचलित मानकात तारांचा क्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा असतो. मधला निळा आणि पांढरा-निळा हे दोघे नेहमी घोटाळा करतात. राउटरवर केलेले बदल आधी केवळ चालू स्मृतीत, म्हणजे रनिंग कॉन्फिगमध्ये असतात. ते स्टार्टअप कॉन्फिगमध्ये उतरवले नाहीत तर वीज जाताच तीन तासांचे काम पुसले जाते. हे वाचून कोणी लक्षात ठेवत नाही. माझेही एकदा पुसले गेले, तेव्हापासून ठेवते.

बिघाड शोधताना खालून वर जावे: प्रथम केबल आणि दिवा, मग स्वतःच्या यंत्राचा पत्ता, मग गेटवेला, म्हणजे जाळ्याबाहेर नेणाऱ्या राउटरला, पिंग (उत्तर येते का ते पाहणारा छोटा संदेश), मग बाहेरच्या पत्त्याला, आणि सर्वांत शेवटी नावाचे पत्त्यात रूपांतर होते का ते. नवशिके थेट शेवटापासून सुरुवात करतात. प्रत्येक पायरीला काय दिसले ते वहीत लिहावे, कारण पुढे मुलाखतीत ‘एखादा बिघाड कसा शोधलात ते सांगा’ हा प्रश्न हटकून येतो आणि तेव्हा ही वही कामाला येते.

तिन्ही विषय झाल्यावर लिनक्सचा एक आणि सुरक्षेचा एक विषय जोडला की प्रमाणपत्र जवळपास पूर्ण होते. सायबर सुरक्षेच्या नावाला भुलून त्यापासूनच सुरुवात करणारे पुष्कळ भेटतात. जाळे कसे चालते हे ठाऊक नसताना ते राखायचे कसे, हा प्रश्न त्यांना दुसऱ्या महिन्यात पडतो.

डिजिटल डिझाइनची वाट

डिझाइनच्या विभागात सॉफ्टवेअर शिकायला जाणारे चित्रकला आणि रंगसंगतीच्या मूलभूत विषयांना कंटाळतात. इलस्ट्रेटर, फोटोशॉप, इनडिझाइन आणि फिग्मा ही साधने घरीही शिकता येतील. कॉलेजात पैसे मोजायचे ते मूलभूत विषयांसाठी आणि समीक्षेच्या तासांसाठी. समीक्षेच्या तासाला सगळ्यांची कामे भिंतीवर लावतात आणि वर्ग ती मोठ्याने तपासतो. ‘तुझे शीर्षक दिसतच नाही’ असे वीस जणांसमोर ऐकण्याची आपल्याला सवय नसते, आणि दुसऱ्याच्या कामाबद्दल ‘छान आहे’ यापलीकडे बोलण्याचीही नसते. दोन्ही शिकावे लागते. काम सुधारते ते या तासालाच.

तांत्रिक बाबी लवकर अंगवळणी पाडाव्यात. बोधचिन्ह व्हेक्टरमध्ये, म्हणजे इलस्ट्रेटरमध्ये करावे, कारण ते फलकाएवढे मोठे केले तरी फुटत नाही. छायाचित्राचे काम फोटोशॉपमध्ये. अनेक पानांची मांडणी इनडिझाइनमध्ये. पडद्यासाठी आरजीबी आणि छपाईसाठी सीएमवायके रंग, छपाईच्या चित्राला प्रत्यक्ष आकारात इंचाला ३०० पिक्सेल. वेबच्या विषयात साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी रंगभेद किमान ४.५ ला १ असावा, हा सुगम्यतेचा दंडक पहिल्या आठवड्यापासून पाळावा. फिक्या करड्या पार्श्वभूमीवरील करडी अक्षरे नवशिक्याला फार देखणी वाटतात आणि वाचणाऱ्याला दिसत नाहीत.

मराठी विद्यार्थ्याकडे एक भांडवल असते, ज्याचा तो क्वचितच वापर करतो: देवनागरी. दुकानाच्या पाटीला साजेसे अक्षरवळण कोणते आणि लग्नपत्रिकेला कोणते, हे आपल्याला न शिकवता कळते, तेवढेच अमेरिकी सहाध्यायाला रोमनमध्ये कळत असते. पण दोन्ही लिप्यांत काम करता येणारा डिझाइनर वर्गात बहुधा एकटा असतो. अक्षरयोजनेच्या एखाद्या प्रकल्पाला द्विभाषिक विषय घ्यावा. काम करताना कळते की वेलांट्या, मात्रा वर आणि उकार खाली जात असल्यामुळे देवनागरीला ओळींमध्ये रोमनपेक्षा अधिक मोकळी जागा लागते, आणि रोमनसारखे अक्षरांमधले अंतर वाढवले तर शिरोरेषा तुटते. इनडिझाइनमध्ये मराठी मजकूर टाकल्यावर जोडाक्षरे विस्कटली आणि ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे गेली, तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडावा. सगळे जागेवर येते. संदर्भासाठी र. कृ. जोशी यांनी विंडोजसाठी घडवलेला ‘मंगल’ आणि मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ व ‘बलू’ हे मोफत मिळणारे फॉण्ट शेजारी ठेवून पाहावेत. पहिला पडद्यासाठी घडला, बलू मथळ्यासाठी. त्यांच्या जाडीत आणि वळणांत तो हेतू दिसतो.

पोर्टफोलिओत वर्गातील सगळी कामे भरू नयेत. आठ-दहा पुरतात, पण प्रत्येकाखाली प्रश्न काय होता, पहिला प्रयत्न का फसला आणि काय बदलले हे तीन-चार वाक्यांत लिहावे. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवाचे पत्रक, एखाद्या ओळखीच्या पोळीभाजी केंद्राचा मेन्यू अशी खरी कामे वर्गातील काल्पनिक कॉफीशॉपपेक्षा वजनदार ठरतात. मात्र व्हिसावर कामाची परवानगी नसेल तर त्यांचे पैसे घेऊ नयेत, वस्तूरूपानेही नाही.

परीक्षा आणि कामाची परवानगी

कॉलेजचे प्रमाणपत्र आणि उद्योगाची परीक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीसीएनएची परीक्षा ३०० डॉलरची, दोन तासांची. ‘ए प्लस’साठी दोन स्वतंत्र परीक्षा द्याव्या लागतात. दोन्ही प्रशस्तिपत्रे तीन वर्षे टिकतात, म्हणून कामाची परवानगी यायला अवकाश असेल तर परीक्षेची घाई करू नये; अभ्यास करावा आणि परीक्षा परवानगीच्या सुमारास द्यावी. ॲकॅडमीच्या विषयात चांगले गुण मिळवणाऱ्यांना सीसीएनएच्या शुल्कात सवलतीचे कूपन मिळते, आणि कॉम्पटिया विद्यार्थ्यांना कमी दरात परीक्षा देते. पूर्ण किंमत भरण्याआधी शिक्षकांना विचारावे.

एच-४ वरील जोडीदाराला, एच-१बी धारकाचा आय-१४० (ग्रीन कार्डच्या वाटेवरील अर्ज) मंजूर असेल तर, कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. ही सोय मे २०१५ पासून आहे. एल-२ जोडीदाराला नोव्हेंबर २०२१ पासून व्हिसाबरोबरच कामाची मुभा आहे. परवाना हातात नसताना कॉलेजच्या ग्रंथालयातील तासावारी काम, प्रयोगशाळेतील सहायकाचे काम किंवा सशुल्क इंटर्नशिप यांपैकी काहीही स्वीकारू नये. बिनपगारी इंटर्नशिपलाही वकिलाला विचारल्याशिवाय हो म्हणू नये. शिक्षक भल्या मनाने देऊ करतात, त्यांना आपल्या व्हिसाचे बारकावे ठाऊक नसतात. हायस्कूलमधील मुलांना मात्र शाळेबरोबरच कम्युनिटी कॉलेजचे विषय घेता येतात आणि बहुतेक ठिकाणी त्यांना युनिटचे शुल्क माफ असते. आई नेटवर्किंगच्या वर्गात आणि मुलगी शेजारच्या इमारतीत पायथॉनच्या वर्गात, अशा जोड्या मी पाहिल्या आहेत.

शेवटचे कागद

सगळे विषय पूर्ण झाले तरी प्रमाणपत्र घरी येईलच असे नाही. अनेक कॉलेजांत त्यासाठी विद्यार्थ्याने स्वतः अर्ज करावा लागतो, आणि त्याची मुदत शेवटच्या सत्राच्या मध्यावरच संपते. शेवटच्या विषयाची नोंदणी केली त्याच आठवड्यात कौन्सेलरला भेटून आराखड्यातील प्रत्येक विषयापुढे खूण करून घ्यावी, भारतातील एखादा विषय बदली म्हणून धरला असेल तर त्याची लेखी मंजुरी नोंदीत आहे का ते पाहावे आणि अर्ज तेथेच भरावा. नाव, पासपोर्टवर आहे तसेच.